मूग, राजमा आणि पटावरचं जीवशास्त्र

मी बनवलेला पहिला शैक्षणिक खेळ सपशेल आपटला. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीचा हॉल, रविवारची सकाळ आणि आठवी-नववीतली सात मुलं. अप्पा बळवंत चौकातून जाड कार्डशीट आणून मी रात्री जागून सापशिडी रंगवली होती. सत्तावीसच्या घरात शिडी: "पेशीचं ऊर्जाकेंद्र कोणतं? बरोबर सांगा आणि वर चढा." एकेचाळीसला साप: "हात न धुता जेवलात, जंत झाले." दोन डाव मजेत गेले. तिसऱ्या डावापर्यंत सगळ्यांना सगळी उत्तरं पाठ झाली. चौथ्यात एक पठ्ठ्या मी प्रश्न वाचायच्या आधीच "तंतुकणिका!" असं ओरडून फासा पुढच्याकडे सरकवायला लागला. मी त्याला अडवलं, "अरे, पण तंतुकणिका करते काय?"

"शिडी देते, काकू."

बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवून मला मिळालेलं हे सगळ्यात प्रामाणिक उत्तर. त्या खेळात तंतुकणिका खरोखरच फक्त शिडी देत होती.

चूक कुठे झाली ते कळायला मला एक सोपी कसोटी सापडली. खेळातले जीवशास्त्राचे प्रश्न काढून तिथे इतिहासाच्या सनावळ्या घाला. खेळ जसाच्या तसा चालला, तर त्यात जीवशास्त्र कधी नव्हतंच. ते वरून चिकटवलेलं होतं. बाजारातले 'शैक्षणिक' म्हणून विकले जाणारे बरेच खेळ या कसोटीवर पडतात. ती नुसती प्रश्नमंजूषा असते, फाशाला बांधलेली.

गंमत म्हणजे मूळ सापशिडी या कसोटीवर उत्तम उतरते. आपल्याकडे मोक्षपट नावाचा खेळ होता. परंपरा त्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते. कवड्यांचं दान पडेल तशी सोंगटी चालवायची, सद्गुणाच्या घरात शिडी, दुर्गुणाच्या घरात साप, शेवटी मोक्ष. तिथे शिकवण सोंगटीच्या चालीतच होती. काम-क्रोधाने खाली खेचलं जाणं आणि दान आपल्या हाती नसणं, हे खेळणाऱ्याला कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं. ते त्याच्या सोंगटीवर घडत होतं.

म्हणजे जीवशास्त्राचा खेळ करायचा तर खेळाचा नियम हाच जीवशास्त्राचा नियम असायला हवा. बोलायला सोपं आहे. करून कसं बघायचं, ते एका खेळात सविस्तर सांगते.

मला मुलांच्या डोक्यातून एक वाक्य काढायचं होतं: "जिवाणूंना औषधाची सवय होते." मोठी माणसंही हेच म्हणतात. यात मराठीचाही थोडा हात आहे. आपल्याला तिखटाची सवय होते, गर्दीची होते, शेजारच्या ड्रिल मशीनचीही होते. मग जिवाणूंनाही होत असणार. पण प्रतिजैविकाला दाद न देणारे जिवाणू तयार होतात ते असे नव्हे. एखादा जिवाणू हळूहळू सरावत नाही. लाखोंच्या गर्दीत जनुकातल्या आपोआप झालेल्या बदलामुळे, म्हणजे म्यूटेशनमुळे, मोजके आधीपासूनच वेगळे असतात, किंवा काहींना दुसऱ्या जिवाणूकडून तसं जनुक मिळालेलं असतं. औषध बाकीच्यांना मारतं, आणि मोकळ्या झालेल्या जागेत या मोजक्यांची पिलावळ वाढते. दहा वेळा फळ्यावर लिहून हे डोक्यात जात नाही. दाण्यांनी जातं.

जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर सहा बाय सहा घरांचा पट आखायचा. हे आजारी माणसाचं शरीर. ३६ घरांपैकी ३४ घरांत एकेक मूग, दोनांत राजमा. मूग म्हणजे औषधाने मरणारा जिवाणू, राजमा म्हणजे न मरणारा. फासा टाका. १ ते ४ पडलं तर गोळी घेतली: १२ मूग उचला, राजम्याला हात लावायचा नाही. ५ किंवा ६ पडलं तर गोळी विसरली: काहीच उचलायचं नाही. त्यानंतर वाढ. दर दोन मुगांमागे एक नवा मूग, दर दोन राजम्यांमागे एक नवा राजमा, पटावर जागा असेपर्यंत. जागा कमी पडली तर ज्यांची संख्या जास्त त्यांना आधी.

एकही गोळी चुकली नाही असं धरून तुम्हीच मांडून बघा. पहिल्या गोळीनंतर ३३ मूग आणि ३ राजमे. पट जवळपास होता तसाच दिसतो, मुलं जांभया देतात. तिसऱ्या गोळीनंतर २८ आणि ६. पाचवीनंतर १८ आणि १३, इथे कुणीतरी "ओ काकू" म्हणतंच. सातवीनंतर मूग शून्य, राजमे २८.

आता विचारायचं: "कुठल्या दाण्याला औषधाची सवय झाली?" मुलं पटाकडे बघत राहतात. एकही मूग राजमा झालेला नसतो. दाणा बदलला नाही, गर्दी बदलली. नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच. हे मी सांगायच्या आधी त्यांच्या बोटांना कळलेलं असतं, कारण प्रत्येक मूग त्यांनीच उचललेला असतो. (पटावरच्या त्या दाण्यांची उसळ करत नाही, सात जणांचे हात लागलेले असतात.)

आमच्याकडे खरी मजा याच्या पुढे झाली. गोळ्या विसरणाऱ्या गटाचा पट बघून एक मुलगी म्हणाली, "काकू, आमचा पेशंट गोळ्या विसरला, तर आमच्याकडे राजमे कमी झालेत. मग डॉक्टर कोर्स पुरा करा असं का सांगतात?"

मी गप्प. तिचं बरोबर होतं. माझ्या पटावर जितकं औषध जास्त तितका राजम्याचा फायदा. मी मनाशी ठरवलेला धडा एक आणि नियमांतून निघालेला धडा त्याच्या बरोबर उलटा!

पुढच्या रविवारी आम्ही नियम बदलले. आता राजमाही मरतो, पण संथपणे. सुरुवातीला २८ मूग आणि ८ राजमे. एका गोळीला २० मूग जातात आणि ३ राजमे, वाढ पूर्वीसारखीच. दोन गोळ्यांनंतर मूग संपतात, राजमे ६ उरतात, आणि ३६ घरांपैकी ३० घरं रिकामी असल्यामुळे पेशंटला एकदम बरं वाटतं. इथे त्याला दोन वाटा. गोळ्या चालू ठेवल्या तर राजमे ६ चे ४, मग १, आणि पाचव्या गोळीला पट साफ. बरं वाटलं म्हणून गोळ्या थांबवल्या तर ६ चे ९, १३, १९, २८ आणि पाचव्या फेरीला ३६ च्या ३६ घरांत राजमा. आता डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरलं.

पट तोच, दाणे तेच. एका नियमाने "जास्त औषध घातक" आणि दुसऱ्याने "अर्धवट औषध घातक". खरं काय? दोन्ही, आजार कुठला त्यावर. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच इशारा दिला होता की पेनिसिलिनची अपुरी मात्रा जिवाणूंना चिवट करेल. क्षयरोगात औषधं महिनोन्‌महिने घ्यावी लागतात, कारण तिथले काही जंतू संथ असतात आणि अर्धवट उपचारातून निसटतात. तो आमचा दुसरा पट. दुसऱ्या बाजूला, २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये काही तज्ज्ञांनी लिहिलं की "कोर्स पुरा करा" हा सरसकट सल्ला पुराव्यावर उभा नाही. कित्येक साध्या संसर्गांत कमी दिवसांचं औषध पुरतं, आणि गरजेपेक्षा जास्त दिवस घेतलं तर शरीरात एरवी निरुपद्रवी असलेल्या जिवाणूंमध्येही राजमे वाढतात. हा आमचा पहिला पट. अर्थात गोळी कधी थांबवायची हे पेशंटने आपल्या मनाने ठरवायचं नाही, ते डॉक्टरांनाच विचारायचं, हे मी मुलांना तीनदा बजावलं. घरी जाऊन कुणी आजोबांच्या गोळ्या थांबवल्या असत्या तर माझी धडगत नव्हती.

त्या रविवारी मला माझा विषय नव्याने कळला. खेळ म्हणजे जगाचं एक लहान केलेलं चित्र, आणि चित्र लहान करताना काहीतरी गाळावंच लागतं. मुलांनी चित्रावर विश्वास ठेवायला शिकणं हा अर्धा धडा. चित्रकाराने काय गाळलं हे विचारणं उरलेला अर्धा, आणि त्यासाठी शाळेच्या वेळापत्रकात तास नसतो. त्या दिवसापासून प्रत्येक खेळानंतर आमचा एक ठरलेला प्रश्न असतो: "हा खेळ कुठे खोटं बोलतो?"

चिकित्सक विचार म्हणतात तो हा. शब्द जरा बदनाम आहे. "फार चिकित्सा करू नकोस" हे आपल्याकडे रागावण्याचं वाक्य आहे, आणि पुण्यात चिकित्सक माणूस म्हणजे श्रीखंडाच्या डब्यावरची तारीख वाचून दुकानदाराशी वाद घालणारा. मला अभिप्रेत आहे ती चिकित्सा दुसऱ्याच्या नव्हे, आपल्या स्वतःच्या म्हणण्याची, आणि ती अवघड असते. किती अवघड, ते पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये एका साध्या कोड्यातून दाखवलं. मी ते मुलांवर जसंच्या तसं वापरते.

"२, ४, ६ हे तीन आकडे माझ्या मनातल्या नियमात बसतात. तुम्ही दुसरे तीन सांगा, मी हो किंवा नाही म्हणेन. खात्री पटली की नियम सांगा."

"८, १०, १२." हो.

"२०, २२, २४." हो.

"१००, १०२, १०४." हो.

"कळला! दोन-दोनने वाढणारे!" नाही.

मग कल्लोळ. नियम एवढाच असतो: चढत जाणारे कुठलेही तीन आकडे. १, २, ९०० सुद्धा चाललं असतं. पण ते कुणी विचारत नाही, कारण आपल्याला जे खरं वाटतं त्याला "हो" मिळेल असेच प्रश्न आपण विचारत बसतो. ६, ४, २ विचारून "नाही" मिळवावं असं फार थोड्यांना सुचतं, आणि माहिती सगळी त्या "नाही"मध्ये असते.

याचाच मोठा भाऊ म्हणजे एल्युसिस हा पत्त्यांचा खेळ. रॉबर्ट ॲबट यांनी तो १९५६ मध्ये रचला आणि मार्टिन गार्डनर यांनी १९५९ मध्ये सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात त्याबद्दल लिहिलं. एकाने मनात गुप्त नियम धरायचा, समजा "लाल पानानंतर काळं, काळ्यानंतर लाल". बाकीच्यांनी एकेक पान टाकायचं. बसलं तर रांगेत, नाही बसलं तर रांगेच्या खाली. थोड्या वेळाने जमिनीवर दोन गोष्टी दिसतात: वर निसर्गाने मान्य केलेली पानं, खाली नाकारलेली. बदामच्या सत्तीवर चौकटची दश्शी नाही चालली, किलवरची राणी चालली, राणीवर इस्पिकचा एक्का नाही चालला. का? प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाची रोजची अवस्था हीच. निसर्ग नियम सांगत नाही, टाकलेल्या एकेका पानाला हो किंवा नाही म्हणतो. आमच्या हॉलमध्ये आता एक शिवी रूढ झालीय. कुणी स्वतःचंच म्हणणं घोळवायला लागला की बाकीचे ओरडतात, "आठ-दहा-बारा करू नकोस!"

विकत मिळणाऱ्या खेळांबद्दल पालक फार विचारतात, म्हणून थोडक्यात. एलिझाबेथ हारग्रेव्ह यांचा २०१९ चा विंगस्पॅन देखणा आहे. मूळ संचात १७० पक्षी, प्रत्येक कार्डावर त्याचा अधिवास, खाणं, घरटं, पंखांचा पसारा. पक्ष्यांची गोडी लावायला उत्तम. पण जिंकण्याचं गणित हे गुण साठवण्याचं गणित आहे, जंगलाचं नव्हे. मॅट लीकॉक यांचा २००८ चा पॅन्डेमिक मला जास्त आवडतो, कारण त्यात सगळे मिळून साथीविरुद्ध खेळतात आणि नियमच साथीसारखा वागतो: एका शहरात तीन ठोकळे असताना चौथा येऊ घातला की रोग शेजारच्या शहरांत उसळतो. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने या शहराला काय केलं ते ज्यांना आठवतं त्यांना तो उसळीचा क्षण पटकन भिडतो. खोटं कुठे? या खेळात बरं झालेल्या माणसांची प्रतिकारशक्ती नावाची गोष्टच नाही.

उत्क्रांतीचे खेळ मात्र सांभाळून. एका प्रसिद्ध खेळात आपण आपल्या प्राण्याला हवी ती वैशिष्ट्यं देतो: शेजारी मांसाहारी झाला की आपण कवच घ्यायचं, अन्न कमी झालं की लांब मान. डाव रंगतो, शिकारी आणि भक्ष्य यांची चढाओढ सुंदर दिसते. पण खेळणारा इथे विधात्याच्या जागी बसलेला असतो. खऱ्या उत्क्रांतीत गरज बघून मान लांब करणारं कुणी नसतं, आणि "जिराफाला उंच पानं खायची होती म्हणून मान वाढली" हा गैरसमज हा खेळ नकळत पक्का करतो. मी तरीही तो खेळवते. गेल्या वेळी "कुठे खोटं बोलतो?" ला सातवीतल्या मुलाने उत्तर दिलं, "इथे म्यूटेशन ऑर्डर करता येतं." यापेक्षा चांगलं मला लिहिता आलं नसतं.

आणि सापशिडीवर अन्याय नको, नशीबही जीवशास्त्रात असतंच. पिशवीत पाच लाल आणि पाच पांढरे मणी घ्या. न बघता एक काढा, रंग लिहा, परत टाका. असं दहा वेळा. जे दहा रंग लिहिले गेले ती पुढची पिढी. पिशवी तशी भरा आणि पुन्हा सुरू. कुणीही कुणापेक्षा सरस नाही, तरी सरासरीने १४-एक पिढ्यांत एक रंग कायमचा नाहीसा होतो. शंभर मणी घेतले तर त्याला साधारण १४० पिढ्या लागतात. लहान कळप निव्वळ योगायोगाने आपली विविधता गमावतो. गीरच्या सिंहांची संख्या एकेकाळी फार खाली गेली होती, आणि त्यांच्यातल्या जनुकीय विविधतेच्या कमतरतेची काळजी अभ्यासकांना आजही वाटते, ती यामुळेच.

खर्चाचं म्हणाल तर मूग, राजमा, मणी आणि पत्त्यांचा जोड. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवण्याची परंपरा पुण्याला नवी नाही. आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेने ती कितीतरी मुलांपर्यंत नेली. वेळेचं गणित मात्र लक्षात ठेवा: वीस मिनिटं खेळ, तर वीस मिनिटं गप्पा. गप्पा कापल्या तर उरतो नुसता टाइमपास. एका आईने मला जिन्यात गाठून विचारलंच होतं, "दहावीचं वर्ष आहे आणि तुम्ही मूग निवडताय?" मी तिला आत येऊन एक डाव खेळायला लावलं. तिलाही वाटत होतं की जिवाणूंना सवय होते.

सध्या मुलं स्वतःचा खेळ रचतायत, नाव 'टेकडी'. वेताळ टेकडीवरचे मोर, मुंगूस, सरडे, गवतं, झाडं. सगळं सुरळीत चाललं होतं ते गिरिपुष्पाच्या कार्डापर्यंत. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेकडचं. आपल्या टेकड्यांवर हिरवळ लवकर यावी म्हणून लावलं गेलं. एक मुलगा म्हणे, याला अधिक दोन गुण: शेंगवर्गीय आहे, मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, शेतकरी पाल्याचं खत करतात. त्याची बहीण म्हणे, उणे दोन: मूळचं गवताळ रान झाकून टाकतं, आणि नावच उंदीरमारी! दोघंही पुस्तकातलं बरोबर सांगत होते. मी निकाल द्यायला नकार दिला.

म्हणून श्रावणात एका सकाळी आम्ही चार काठ्या आणि सुतळी घेऊन टेकडीवर गेलो. एक मीटरचा चौरस टाकायचा, आत किती प्रकारची रोपं ते मोजायचं. एक चौरस गिरिपुष्पाच्या दाट सावलीत, एक मोकळ्या गवतात. सावलीत प्रकार कमी निघाले. बहीण जिंकल्यासारखी नाचली. दुसरी जोडी टाकली, तेच. तिसरी जोडी, तेच. चौथ्यांदा सुतळी सोडवताना ती मध्येच थांबली.

"काकू, दर वेळी सगळ्यात दाट झाडी मीच शोधली ना."

"मग?"

"आठ-दहा-बारा झालं हे."

तिने सुतळी भावाच्या हातात दिली आणि म्हणाली, आता जागा तू निवड. त्याने उताराच्या खाली विरळ गिरिपुष्पाकडे बोट दाखवलं. तिथे चिखल होता, तिची एक चप्पल तिथेच रुतली. तिथल्या चौरसात किती प्रकार मोजायचे यावरून दोघांचं पुन्हा भांडण लागलं, कारण एकाच रोपाची कोवळी आणि जून पानं ते वेगवेगळी धरत होते.

गिरिपुष्पाच्या कार्डावरचा आकडा अजून पेन्सिलीनेच लिहिलेला आहे.